कुठली गं ही?

जयानं पत्रकांचा गठ्ठा ओट्यावर आदळला आणि पदरानं तोंड पुसत जाहीर केलं, "घ्या! झाली निवडणूक. उद्यापासून आपापल्या कामाला लागा."

मतदानाला पाच दिवस उरले होते. दहिफळ्यांच्या अंगणात तेव्हा घरचे सगळे हजर होते. काकासाहेब मोबाईलवर मतदारयादी उघडून नावं मोजत होता. वाल्मिक भिंतीला टेकून गप्प बसला होता. निवडणूक बायकोची, पण झोप त्याची उडाली होती. त्याची लेक प्रार्थना पायरीवर स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन बसली होती, म्हातारी दगडाबाई बाजेवर शेंगा फोडत होती, आणि पंकजा चुलीपुढं भाकरी उलटत होती. सरपंचपदाची उमेदवार झाली म्हणून तिच्या वाटणीची भाकरी दुसरं कुणी थापणार नव्हतं.

"काय झालं ते नीट सांग की," काकासाहेब बायकोवर खेकसला.

"काय सांगू? सकाळधरनं साठ घरं फिरले. जिथं जावं तिथं बाया म्हन्त्यात, आमी कोपीवालीला मत देनार हुतो वो, पन ती उभीच न्हाई. ही कोन पंकजा वाल्मिक दहिफळे?"

"आगं, फोटो हाय की पत्रकावर!"

"फोटो!" जयानं एक पत्रक उचलून नवऱ्याच्या नाकापुढं धरलं. "पाथर्डीच्या त्या फोटोवाल्यानं हिला आशी गोरी केलीय का मलाच वळखू येईना. मारुतीपाशी ती आंधळी म्हातारी हाय ना, तिची सून म्हनली, ही टीव्हीतली बाई आपल्या काय कामाची?"

प्रार्थनाला खुदकन हसू फुटलं. मग वडिलांकडं पाहून तिनं पुस्तकात तोंड घातलं.

हसण्यासारखं होतं आणि नव्हतंही. आंबेदऱ्यात बायकांना नावं होती, पण ती रेशनकार्डावर आणि बँकेच्या पासबुकात. बोलायचालायला माहेरचं गाव पुरे. दगडाबाई या गावात नांदायला आली त्या दिवसापासून तिसगावकरीण. जया मिरीकरीण. शेजारी करंजीवाली, पलीकडं माणिकदौंडीवाली, विहिरीपाशी भगूरकरीण. तीस-तीस वर्षं एकमेकींच्या चुलीचा विस्तव नेणाऱ्या बायांना एकमेकींची पाळण्यातली नावं ठाऊक नव्हती आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. बरं, नवऱ्याच्या नावावरून ओळखावं, तर गावात वाल्मिक दहिफळे पाच. आजवर कधी न अडलेलं नेमकं निवडणुकीत अडलं.

पंकजाला कुणी माहेरच्या गावाचं नाव दिलं नव्हतं, कारण तिला माहेरचं गावच नव्हतं. ती जन्मली ऊसतोडीच्या अड्ड्यावर, कोपीत. बांबूच्या चार काठ्या, वर पाचट, दोन माणसं कशीबशी आत वाकून जातील एवढी ती झोपडी. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की मोडायची. तिचा बाप पुंजाराम बहात्तरच्या दुष्काळात पोरवयात गावातून निघाला. परत गेला तेव्हा भावकीनं त्याला बांधावर उभं राहू दिलं नाही. पुन्हा त्यानं त्या गावाचं नाव तोंडातून काढलं नाही. ऊस असेल तिथं त्याची कोपी, आणि कोपी असेल तिथं त्याचं घर.

लग्न होऊन पंकजा या अंगणात आली तो दिवस तिला अजून लख्ख आठवत होता. डोक्यावर बाशिंग, पायानं माप लवंडायचं बाकी, आणि दारात जमलेल्या बायांनी रीतीप्रमाणं विचारलं होतं, "कुठली गं ही?" सगळ्यांनी पुंजारामकडं पाहिलं. त्यानं खाली मान घातली. टोपी काढली, पुन्हा घातली, पण तोंडातून शब्द निघेना. कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हा सासूनं, याच दगडाबाईनं, खणखणीत आवाजात सांगून टाकलं होतं, "कोपीवाली हाय."

बावीस वर्षं झाली त्याला.

"मंग सोपं हाय," काकासाहेब म्हणाला. "नवीन पत्रक छापू. फोटो काढून टाकू. वर मोठ्या अक्षरात, 'आपली कोपीवाली'. खाली चिन्ह शिलाई मशीन. उद्या दुपारपर्यंत गावभर."

"न्हाई, दादा," पंकजा चुलीपुढूनच म्हणाली.

"न्हाई म्हंजी?"

"ते नाव छापायचं न्हाई."

"आगं, आख्खं गाव त्याच नावानं—"

"म्हून तर न्हाई!"

तिचा आवाज चढलेला या घरात फारसा कुणी ऐकला नव्हता. काकासाहेबानं भावाकडं पाहिलं. वाल्मिकनं घसा साफ केला. "छापू दे ना," तो हळूच म्हणाला. "चार दिवसाचा प्रश्न हाय. निवडून आल्यावर कोन इचारतंय."

पंकजानं नवऱ्याकडं असं पाहिलं, की तो पुन्हा भिंतीला टेकला. निदान हा तरी आपल्या बाजूनं बोलेल असं तिला वाटलं होतं. पण बोललं भलतंच कुणी.

"तिला नगं तर नगं," जया म्हणाली. "तिचं नाव हाय, तिची विच्छा."

सगळ्यांनी चमकून मोठ्या सुनेकडं पाहिलं. खरं तर जयाच उभी राहणार होती. तशी ती बोलायला तिखट, हिशेबाला पक्की आणि गावात वचक असलेली. पण तिसरं लेकरू आडवं आलं. सरपंचपदाच्या कायद्याला तिसरं लेकरू चालत नाही, आणि काकासाहेबाला मुलगाच हवा होता. अर्ज भरायच्या दिवशी ती नवऱ्याशी आठवडाभर पुरेल एवढं भांडली. पंकजाचं नाव पुढं आल्यावर महिनाभर जावेशी तुटक वागली. पण आज उन्हात साठ घरं तीच फिरली होती.

"तू कवापासनं हिच्या बाजूची झाली?" काकासाहेबानं विचारलं.

"आजपासनं. सकाळी साळूबाईच्या भिंती वाचल्या तवापासनं."

त्या भिंती पंकजानंही वाचल्या होत्या. समोर उभी होती साळूबाई, आप्पासाहेबांची बहीण. आप्पासाहेब म्हणजे गावचे मुकादम. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे आणि आणणारे. शाळेच्या दोन रिकाम्या खोल्यांत त्यांचा कडबा आणि ट्रॅक्टरचं सामान भरलेलं असायचं. साळूबाई गावात जन्मली, गावातच दिली, म्हणून तिच्या भिंतींवर निळीनं लिहिलं होतं, 'गावची लेक, गावची सरपंच.' परवापासून त्याखाली आणखी एक ओळ आली होती, 'जिला गाव नाही, ती गाव काय सांभाळणार?'

पंकजा उभी राहिली होती ती त्या दोन खोल्यांसाठी. सहा वर्षांपूर्वी तिनं ऊसतोड सोडली. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या, की मागं राहिलेली लेकरं ती आपल्या पडवीत सांभाळायची. पहिल्या वर्षी चार होती, गेल्या हंगामात एकोणीस. थंडीत पडवीत ताडपत्री लावून पोरं झोपवायची, सकाळी शाळेत घालायची. त्या खोल्या मिळाल्या, तर पोरांना छप्पर मिळणार होतं, आणि आईबापामागं उसाच्या फडात जाऊन शाळा सुटलेली दहा-पंधरा पोरं गावात राहणार होती. हरली, तर या हंगामातही तीच ताडपत्री. हरलीच तर मतांनी हरेल असं तिला वाटलं होतं. एका शब्दानं हरेल असं वाटलं नव्हतं.

"तुला काय वाटतं, आई?" काकासाहेबानं शेवटी बाजेकडं पाहिलं.

दगडाबाईनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. "मला कशाला इचारता? तिला इचारा, का न्हाई म्हनती ते."

"मी सांगते, आत्याबाई." पंकजानं परात बाजूला सारली. हाताला पीठ तसंच. "कोल्हापूरकडं गेले तर आपल्याला बीडवाले म्हन्त्यात. कर्नाटकात गेले तर मराठे. श्रीरामपूरच्या बागाईतात पाथर्डीवाले. पाथर्डीत आले तर ऊसतोडे. येवढ्या गावांची नावं अंगाला चिकटली, पन माझं म्हनावं आसं एकबी न्हाई. वाटलं, इथं नांदले, इथं लेकरं झाली, आता तरी मी इथली. तर इथं बावीस वर्सं कोपीवाली. नाव तुमीच ठिवलंय, आत्याबाई. आता तेच पत्रकावर छापायचं?"

वाल्मिकची मान खाली गेली होती. दगडाबाईच्या बोटांत एक शेंग तशीच राहिली.

"पारथना," म्हातारीनं नातीला हाक मारली. "त्या पुस्तकात काय वाचतीस गं?"

प्रार्थना गोंधळली. "सामान्य ज्ञान, आजी. कुठल्या देशाच्या लोकांना काय म्हणतात ते. नेदरलँडचे ते डच. डेन्मार्कचे डॅनिश. पोर्तुगालचे पोर्तुगीज. परीक्षेला येतं."

"ते जन्मल्यावरनं म्हन्त्यात, का ऱ्हात्यात तिथल्यावरनं?"

"ते पुस्तकात नाही दिलं."

"मंग आर्धंच हाय तुझं पुस्तक," दगडाबाई म्हणाली आणि काठी टेकत आत निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी नवरात्राची पाचवी माळ. साळूबाईनं गावच्या सगळ्या बायांना देवीच्या देवळापुढं दुपारी बोलावलं होतं. चिंचेखाली सतरंज्या, चहाचं पातेलं, हातात माईक. आप्पासाहेब पांढऱ्या टोपीत कडेला उभे होते; त्यांच्यामागं त्यांची माणसं. काकासाहेब म्हणत होता, जाऊ नका. जया म्हणाली, "देऊळ काय तिच्या बापाचं हाय?" आणि तिनं पंकजाचा हात धरून तिला ओढतच नेलं. दगडाबाई मागून काठीच्या तालावर आली. या उन्हात कशाला येता, असं दोघी सुनांनी म्हणून पाहिलं. म्हातारीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दीडेकशे बाया होत्या. पंकजा आणि जया शेवटच्या रांगेत बसल्या, दगडाबाई मात्र पुढं जाऊन बसली. पुढं माईक हाती घेऊन साळूबाई बोलत होती. बोलायला ती वाईट नव्हती, मनानंही नव्हती. लग्नकार्यात धावून जायची. पण भावानं पढवलेलं ती पाठ म्हणत होती.

"बायांनो, मी या मातीतली हाय. ह्या देवीच्या पायाशी ल्हानाची मोठी झाले. तुमाला माझं समदं ठावं हाय. मी कुनाला नावं ठिवत न्हाई. पन येवढंच इचारते, जिला सोताचं गाव सांगता येत न्हाई, तिच्या हातात आपुन आपलं गाव द्यायचं का?"

काही बाया पंकजाकडं वळून पाहू लागल्या. बावीस वर्षांपूर्वीचा तो दिवस पुन्हा आला होता. तीच खाली घातलेली मान, फक्त या वेळी बापाची नाही, तिची. उठून निघून जावं असं तिला अगदी मनापासून वाटलं. जयानं तिचं मनगट घट्ट दाबून धरलं.

"साळू," पुढून आवाज आला.

दगडाबाई उभी राहिली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कमरेत वाकलेली, पण फडात ट्रकवाल्याला हाक मारून मारून कमावलेला तिचा आवाज तसाच होता. तिला माईक लागत नव्हता.

"साळू, तू कुठली गं?"

साळूबाई हसली. "आता ह्ये काय इचारनं झालं, आत्या? इथली. आंबेदऱ्याची."

"ऱ्हायाला. जन्म कुठला?"

"इथलाच की."

"न्हाई, बाई. तुझा जन्म शिरोळचा. ऊस तुटत हुता. पौषाची थंडी. तुझी माय मोळी डोक्यावर घेऊन चालली हुती, तिथंच तिला कळा सुरू झाल्या. कोपीत नेली. म्या तुला हातावर झेलली आन् कोयत्यानं नाळ कापली. कोयता आदी इस्तवावर धरला हुता म्हून वाचलीस. तू कोपीत झालीस, साळू. तू शिरोळकरीन."

मग कुठूनतरी एक बाई फसकन हसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

"ए म्हातारे," आप्पासाहेब पुढं सरसावले. "कायच्या काय बरळू नको. सभा आमची हाय."

"आप्पासाहेब, तुमी तर बोलूच नका. तुमी कानडी!"

आता हसू आवरण्यापलीकडं गेलं. दगडाबाईनं काठी आप्पासाहेबांच्या टोपीकडं रोखली.

"अथनीच्या फडात झाले तुमी. तुमच्या आईच्या पोटात दोन दिस आन्न न्हाई. कडंच्या वस्तीवरची एक कानडी बाई आली, तिनं तांब्याभर आंबील दिली, तवा कुठं तुमच्या आईच्या आंगावर दूध आलं. त्या बाईनंच तुमाला पयल्यांदा आप्पा म्हनलं. तेच नाव पडलं तुमाला, साहेब मागनं लावलं."

आप्पासाहेबांनी मागं वळून पाहिलं. मागची त्यांचीच माणसं दात काढत होती.

"आन् माझं बगा," दगडाबाई बायांकडं वळली. "आपलं आडनाव दहिफळे. माझा सासरा सांगायचा, चार पिढ्यांमागं आपन दहिफळहून आलो म्हून दहिफळे. म्हंजी हे आख्खं दहिफळ्यांचं गाव परगावचं! माझा काकासाहेब फलटनला झाला. वाल्मिक अकलूजला, भर हंगामात, त्येचं बारसंबी तिथंच केलं. आपली गडीमानसं समदी मार्गशीर्ष-पौष-माघात झाल्याली हायेत. तवा गावात कोन आसतं? म्हातारी मानसं आन् कुत्री! जलमनार कुठं, तर कोपीत!"

"आत्याबाई, माझा मालक कुठला वो?" करंजीवालीनं ओरडून विचारलं.

"तुझा? तुझा कराडकर. उलटा झाला हुता, पायाकडनं. अजूनबी उलटाच चालतो."

हसण्याचा असा गजर उठला, की देवळातला पुजारी बाहेर आला. मग काय, सतरंजीच्या चारी कोपऱ्यांतून हाका सुरू झाल्या. माझा सासरा कुठला? आमचे भाऊजी कुठले? दगडाबाई एकेकाचं गाव काढून देत होती, कुणाचं वाळवा, कुणाचं माळेगाव, कुणी सांगली, कुणी थेट चिकोडी. पन्नास वर्षं तिनं फडात बाया बाळंतपणात सोडवल्या होत्या. कुठल्या कारखान्याच्या अड्ड्यावर, कुठल्या तिथीला, पाऊस होता की थंडी, सगळं तिच्या तोंडपाठ. प्रार्थना मोबाईल वर धरून ते टिपत होती. आंबेदऱ्याच्या अर्ध्या पुरुषांचा जन्म त्या दुपारी बायांनी बाहेरगावी नेऊन ठेवला.

"आता सांगा," दगडाबाई थांबली. तिला धाप लागली होती. "गावात जलमलेल्या किती हायेत तुमी इथं? हात वर करा."

साळूबाईचा हात सवयीनं निम्मा वर गेला आणि लाजून खाली आला. आणखी एकच हात वर झाला, पुजाऱ्याच्या लेकीचा. दीडशेत एक.

"आन् परगावच्या?"

हात वर आले. आधी बिचकत, मग भराभरा. बांगड्याच बांगड्या. जयानं तर दोन्ही हात वर केले.

"आपुन समद्याच परगावच्या. हे गाव परगावच्या बायांनी चालवलंय. मंग हिचंच तेवढं काय वंगाळ?"

दगडाबाई आता पुढाऱ्यांकडं पाहत नव्हती. ती वळून शेवटच्या रांगेकडं पाहत होती, आणि तिचा आवाज उतरला होता.

"हिच्या बापाला त्या दिशी तुमी इचारलं, कुठली गं ही. त्येला सांगता येईना. मानूस पार मेल्यावानी झालं हुतं. मला ते बघवंना. म्या म्हनलं, कोपीवाली. मला म्हनायचं हुतं, आपल्यातलीच हाय, आपली लेकरं जिथं झाली तिथलीच हाय. पन ते मी मनात म्हनले. तोंडानं येकच शबुद काढला. बावीस वर्सं हिला वाटलं, मी हिनवते. मला काल कळलं. माझं चुकलं, बाई."

सासूनं सुनेची माफी मागितलेली आंबेदऱ्यानं आधी पाहिली नव्हती. पंकजाला काय होतंय ते कळेना. बावीस वर्षं जो काटा ती पायात घेऊन चालली, तो काटा नव्हताच की काय? रडू येत होतं, आणि त्याच वेळी पोटातून काहीतरी वर येत होतं, ते हसू होतं. जयानं तिच्या पाठीत एक रट्टा दिला. "ऊठ! बसलीस काय? बोल!"

ती उठली. पुढं चालत गेली. साळूबाईच्या हातातला माईक साळूबाईनंच तिच्यापुढं धरला. का धरला ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मी कोपीवाली," पंकजा म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज कर्ण्यातून देवळावर आदळून परत आला. या शब्दाला एवढा दणका असतो, हे तिला नव्यानं कळलं. "माझं कागदावरचं नाव पंकजा. पंकजा वाल्मिक दहिफळे. ती फोटोतली गोरी बाई मीच हाय."

बाया हसून लोळल्या.

"चिन्ह शिलाई मशीन. दसरा झाला का तुमी फडात जानार. मागच्या साली तुमची एकोनीस लेकरं माझ्या पडवीत झोपली. औंदा ती शाळेच्या खोलीत झोपनार. कडबा उन्हात ऱ्हायला तर मरत न्हाई, लेकरू थंडीत ऱ्हायलं तर आजारी पडतं. मला दुसरं काई बोलता येत न्हाई. येवढंच."

पहिली टाळी माणिकदौंडीवालीनं वाजवली. तिची दोन लेकरं त्या एकोणिसांत होती.

त्या संध्याकाळी नवीन पत्रक छापून आलं. वर पंकजानं स्वतः सांगून दोनच शब्द घालायला लावले होते, 'मी कोपीवाली.' फोटो मोबाईलवर प्रार्थनानं काढला होता. चुलीपुढचा, हाताला पीठ लागलेला.

*

मतमोजणी पाथर्डीला होती. दुपारी एकच्या सुमाराला काकासाहेबाचा फोन आला आणि तो उचलताच त्याच्या मागचा गोंगाट अंगणभर ऐकू आला. दोनशे अकरा मतांनी. काकासाहेब रडत होता की ओरडत होता, ते कळत नव्हतं. वाल्मिक उठला, अंगणात दोनदा गोल फिरला आणि काही न सुचून पाणी भरायला लागला. जया त्याच्या हातातली कळशी काढून घेत म्हणाली, "सरपंचीणबाईंचे मालक, ठिवा ती. आज तरी."

गाडीतून पाथर्डीहून निघालेला गुलाल गावात शिरला तेव्हा बाया पुढं होत्या आणि गडी मागं. हलगी पुढं, त्यामागं करंजीवाली, भगूरकरीण, माणिकदौंडीवाली, आणि मधोमध गुलालानं कुणालाच ओळखू न येणारी पंकजा. शाळेपाशी मिरवणूक थांबली. खोल्यांपुढं आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर उभा होता आणि चार माणसं कडबा भरत होती. कुणी सांगितलं नव्हतं. आप्पासाहेबांनी गुलालाचा एक ठिपकाही अंगावर पडणार नाही एवढ्या अंतरावरून हात जोडले आणि तोंड फिरवलं. पण कडबा भरणं थांबवलं नाही.

साळूबाई मात्र पुढं आली. तिनं ताटातला गुलाल उचलून पंकजाच्या कपाळाला लावला आणि हळूच म्हणाली, "शिरोळकरनीनं मत कुनाला दिलं, ते म्या सांगनार न्हाई." मग तिनं दगडाबाईला गाठलं. "आत्या, आईनं मला कधी सांगितलं न्हाई वो. कोपी कशी हुती माझी?"

"लई चांगली हुती," दगडाबाई म्हणाली. "वरनं चांदन्या दिसायच्या."

घराच्या दाराशी सगळे पोचले तेव्हा जया आरतीचं ताट घेऊन उभी होती. आणि दाराच्या कडेला, कुणाच्या नजरेत येऊ नये असा, पुंजाराम उभा होता. तो आता एका कारखान्याच्या अड्ड्यावर राखणीला होता. टीव्हीवर काही येणार नव्हतं, पेपरात काही छापून येणार नव्हतं. वाल्मिकनं पहाटे फोन केला आणि म्हातारा दोन एसट्या बदलून आला. डोक्यावर तीच टोपी. लेकीकडं बघत होता आणि डोळे पुसत होता. पंकजानं वाल्मिककडं पाहिलं. त्या दिवशीपासून ती नवऱ्याशी नीट बोलली नव्हती. तो मान खाली घालून उभा होता. तिनं गुलालाचा पंजा भरून त्याच्या दोन्ही गालांना फासला.

पंकजा बापाच्या पाया पडायला वाकणार, तेवढ्यात दगडाबाईनं काठी आडवी धरली.

"थांब."

हलगी थांबली. दगडाबाई दारात उभी राहिली, बावीस वर्षांपूर्वी उभी होती तिथंच. तिनं सगळ्या बायांवरून एकदा नजर फिरवली आणि मग पुंजारामकडं पाहून, गावाच्या वेशीपर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं, "कुठली गं ही?"

बायांना कळलं. सगळ्या माना पुंजारामकडं वळल्या, तेव्हा वळल्या होत्या तशाच.

पुंजारामनं टोपी काढली. या वेळी ती पुन्हा घातली नाही. त्यानं मान वर केली. आवाज फुटला तो चांगला मोठा फुटला.

"आंबेदऱ्याची!"

"आसं! आता कसं बोललात, पाव्हनं!" दगडाबाई म्हणाली आणि तिनं काठी बाजूला केली. "वाजीव रं हलगी."